शालेय विद्यार्थ्यांसाठी परदेशातील उन्हाळी उद्योजकता कार्यक्रम : स्वरूप, परिणाम आणि आपल्यासमोरील प्रश्न

सारांश : अमेरिका, कॅनडा, स्वीडन आदी देशांत हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सुट्टीत उद्योजकतेचे कार्यक्रम आयोजित केले जातात. त्यांपैकी काहींची माहितीपत्रके आपल्याकडील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचतात आणि पालक त्याबाबत शिक्षकांचा सल्ला विचारतात. प्रस्तुत लेखात या कार्यक्रमांची पार्श्वभूमी, अध्यापनपद्धती, उद्योजकता-शिक्षणाच्या परिणामांविषयी झालेले संशोधन व आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उद्भवणारे व्यावहारिक प्रश्न यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : उद्योजकता-शिक्षण, उन्हाळी कार्यक्रम, ग्राहकशोध, कनिष्ठ महाविद्यालय.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी अकरावी वाणिज्य शाखेतील एका विद्यार्थिनीचे वडील प्रस्तुत लेखकाला भेटण्यासाठी महाविद्यालयात आले. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. मुलीने अमेरिकेतील एका उन्हाळी उद्योजकता कार्यक्रमासाठी ऑनलाइन अर्ज केला होता आणि तिची निवड झाल्याचे पत्र आले होते. शुल्क, विमानप्रवास आणि व्हिसा मिळून होणारा खर्च गिरणीच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून अधिक होता. पतपेढीकडून कर्ज काढण्याचीही त्यांची तयारी होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, हे त्या मोठ्या विद्यापीठाचंच आहे ना?" माहितीपत्रकावर एका नामांकित विद्यापीठाच्या इमारतीचे छायाचित्र होते. त्या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर त्या दिवशी देता आले नाही.

आपल्या राज्यात अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले असल्यामुळे असे प्रश्न आपल्यापर्यंत येणे स्वाभाविक आहे. शिफारसपत्र आपणच देतो आणि विद्यार्थ्याची कुवत व घरची परिस्थिती आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून हे कार्यक्रम नेमके काय शिकवतात, त्यातून काय साध्य होते आणि त्यासाठी परदेशी जाणे कितपत आवश्यक आहे, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

२. पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे सामान्यतः नववी ते बारावी या चार इयत्ता होत. तेथील शाळांना जून ते ऑगस्ट या काळात सुमारे दहा आठवड्यांची सुट्टी असते. या दीर्घ सुट्टीत छोटी नोकरी करणे, शिबिराला जाणे किंवा एखाद्या विद्यापीठाच्या परिसरात भरणाऱ्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमात भाग घेणे ही तेथील रुळलेली पद्धत आहे. उन्हाळी उद्योजकता कार्यक्रम या पद्धतीतूनच आकारास आले.

शाळकरी मुलांना प्रत्यक्ष व्यवसायातून शिकवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था स्थापन झाली. दूरध्वनी कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल, कागद उद्योजक होरेस मोझेस आणि सिनेटर मरे क्रेन हे तिचे संस्थापक होत. शाळा सुटल्यानंतर मुलांनी एक लहान कंपनी काढावी, भाग विकून भांडवल उभारावे, वस्तू तयार करून विकावी आणि अखेरीस हिशेब पूर्ण करून कंपनी विसर्जित करावी, हा तिचा मूळ आराखडा. 'विद्यार्थी-कंपनी' या नावाने ओळखला जाणारा हा आराखडा पुढे अनेक देशांत स्वीकारला गेला.

दुसरा प्रवाह १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. व्यवसाय सोडून सरकारी शाळेत शिक्षक झालेले स्टीव्ह मॅरिओटी यांना असा अनुभव आला की, गणितात रस नसलेली गरीब वस्तीतील मुले खरेदी-विक्री आणि नफ्याचा विषय निघाला की लक्ष देतात. त्यातून त्यांनी 'एनएफटीई' ही संस्था उभी केली. कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी हे तिचे उद्दिष्ट होते आणि सुट्टीतील 'बिझकॅम्प' हा तिच्या कार्याचा एक भाग होता. म्हणजेच या चळवळीचा एक उगम संपन्न वर्गात नसून वंचितांच्या शिक्षणात आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उद्योजकता शिकवता येते का, या मूलभूत प्रश्नाच्या इतिहासात भारताचेही स्थान आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षित व्यावसायिक नंतरच्या काळात इतरांपेक्षा अधिक सक्रिय झाल्याचे त्यांना आढळले. मात्र ते प्रौढ होते आणि त्यांच्या हाती आधीपासून व्यवसाय होता. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती व्यवसाय नसतो. तो तात्पुरता का होईना उभा करून देणे, हेच शालेय कार्यक्रमाचे मुख्य काम ठरते.

३. कार्यक्रमांचे दोन नमुने

अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिल्यास या कार्यक्रमांचे दोन ठळक नमुने दिसतात.

अ) शुल्काधारित निवासी नमुना : यात विद्यार्थी शुल्क भरतो आणि तीन-चार आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून शिकतो. गरजूंसाठी काही संस्था शुल्कसवलत ठेवतात. या प्रकारातील परिचित नाव म्हणजे 'लाँचएक्स'. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीच्या परिसरात 'लाँच' या नावाने तो भरू लागला. पुढे 'लाँचएक्स' या नावाने तो स्वतंत्र संस्थेमार्फत इतर विद्यापीठांच्या परिसरातही चालवला गेला आणि २०२० च्या महासाथीत ऑनलाइन झाला. विद्यार्थ्यांनी गट करून खरी कंपनी सुरू करण्याचा प्रयत्न करावा, हे त्याचे वैशिष्ट्य.

आ) सार्वजनिक साहाय्याचा स्थानिक नमुना : यात पैशाचा प्रवाह उलट असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या 'समर कंपनी' या शासकीय योजनेत विद्यार्थ्याकडून शुल्क घेतले जात नाही. उलट त्याला कमाल ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. निम्मे व्यवसाय सुरू करताना आणि उरलेले अटी पूर्ण केल्यावर दिले जाते. अनुदानासोबत स्थानिक व्यावसायिकांचे मार्गदर्शनही असते. स्वीडनमध्येही अनेक नगरपालिकांच्या पुढाकाराने किशोरवयीन मुलांना उन्हाळ्याच्या आरंभी अल्प प्रशिक्षण व थोडे बीजभांडवल देऊन सुट्टीभर स्वतःचा व्यवसाय करू देण्याची पद्धत आहे. हिरवळ कापणे, केक विकणे, सायकल दुरुस्ती अशा साध्या कामांनाही तेथे व्यवसायाचा मान असतो.

दुसऱ्या प्रकारच्या योजना त्या त्या ठिकाणच्या रहिवाशांसाठी असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला त्यांत प्रवेश नसतो. आपल्यापर्यंत पोहोचतो तो पहिला, शुल्काधारित नमुना. त्यामुळे परदेशातील उद्योजकता-शिक्षण म्हणजे महागडे निवासी शिबिर, असा अपुरा समज दृढ होण्याची शक्यता आहे.

४. अध्यापनपद्धती

पूर्वी उद्योजकता-शिक्षणाचा गाभा 'व्यवसाय आराखडा' हा होता. विद्यार्थी ग्रंथालयात बसून बाजारपेठेचे आकडे गोळा करीत आणि पाच वर्षांचे अंदाजपत्रक तयार करीत. गेल्या दोन दशकांत हा गाभा बदलला. स्टीव्ह ब्लँक यांनी २००५ मध्ये ग्राहकशोधाची पद्धत मांडली. २०१० मध्ये ऑस्टरवाल्डर व पिन्यूर यांनी नऊ चौकटींत व्यवसायाची रचना मांडणारा तक्ता लोकप्रिय केला. २०११ मध्ये एरिक रीस यांनी कमीत कमी खर्चात प्रायोगिक उत्पादन तयार करून ग्राहकाची प्रतिक्रिया अजमावण्याचा विचार पुढे आणला. एमआयटीतील बिल ऑलेट यांनी २०१३ मध्ये हीच प्रक्रिया चोवीस पायऱ्यांत बांधली.

या सर्वांमागील सूत्र एकच आहे. व्यवसायाची कल्पना म्हणजे सिद्ध झालेले सत्य नसून ते एक गृहीतक आहे आणि त्याची परीक्षा वर्गाबाहेर, ग्राहकापुढे व्हावयास हवी. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हे सूत्र अपरिचित वाटणार नाही.

चार आठवड्यांच्या कार्यक्रमात ही पद्धत सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे राबवता येते. पहिल्या आठवड्यात गट तयार होतात आणि विद्यार्थी संभाव्य ग्राहकांच्या मुलाखती घेतात. येथे त्यांना पहिली शिस्त लागते. "तुम्ही ही वस्तू विकत घ्याल का?" असा प्रश्न विचारायचा नाही, कारण समोरच्या मुलाचे मन राखण्यासाठी माणसे सहसा होकार देतात. त्याऐवजी "ही अडचण मागच्या वेळी आली तेव्हा तुम्ही काय केले? त्यासाठी किती खर्च केला?" असे घडून गेलेल्या वर्तनाविषयी विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात वस्तूचा किंवा सेवेचा कच्चा नमुना तयार होतो आणि सर्वांना विकण्याचा मोह सोडून एकच छोटा ग्राहकगट निवडला जातो. तिसऱ्या आठवड्यात किंमत, विक्री आणि हिशेब येतात. चौथ्या आठवड्यात परीक्षकांपुढे सादरीकरण होते.

तिसऱ्या आठवड्यातील हिशेबाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गटाने डबा ठेवण्याची कापडी पिशवी तयार केली. तिचा उत्पादनखर्च ६ डॉलर आणि विक्रीकिंमत १० डॉलर आहे. मुलांना प्रत्येक पिशवीमागे ४ डॉलर नफा दिसतो. मात्र त्यांनी समाजमाध्यमावरील जाहिरातीसाठी ६० डॉलर खर्च केले आणि त्यातून १२ ग्राहक मिळाले. म्हणजे एक ग्राहक मिळवण्यास ५ डॉलर लागले. याचाच अर्थ प्रत्येक विक्रीमागे १ डॉलर तोटा आहे आणि याच पद्धतीने विक्री वाढवत नेल्यास तोटाही वाढत जाणार आहे. आता किंमत वाढवावी, खर्च कमी करावा, जाहिरात सोडून शाळेच्या दारात उभे राहावे, की मिळालेला ग्राहक पुन्हा खरेदी करील अशी व्यवस्था करावी? सीमांत अंशदानाची संकल्पना आपण फळ्यावर शिकवतो. तीच संकल्पना स्वतःच्या खिशातून पैसे गेल्यानंतर शिकली की तिचा ठसा वेगळा उमटतो. या कार्यक्रमांचे खरे बळ याच अनुभवात आहे, आणि तो अनुभव कोणत्याही विशिष्ट इमारतीशी बांधलेला नाही.

५. परिणामांविषयीचे संशोधन

अशा शिक्षणाने उद्योजक घडतात का? या प्रश्नावर झालेले अभ्यास बहुतांशी शाळा-महाविद्यालयांच्या सत्रातील कार्यक्रमांवर आधारित आहेत. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष शुल्काधारित उन्हाळी कार्यक्रमांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही ते उद्बोधक आहेत.

नेदरलँड्समधील ऑस्टरबेक, व्हान प्राग आणि आयसेलस्टाइन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका व्यावसायिक महाविद्यालयाच्या दोन शाखांची तुलना केली. एका शाखेत विद्यार्थी-कंपनीचा कार्यक्रम होता, दुसऱ्या शाखेत नव्हता. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मूल्यांकनानुसार उद्योजकीय कौशल्यांत लक्षणीय वाढ झाली नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा तर कमी झाली. त्याच वर्षी म्युनिक येथील ग्रेफेनित्स, हारहोफ आणि वेबर यांनी विद्यापीठातील अनिवार्य उद्योजकता अभ्यासक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेही उद्योजक होण्याची सरासरी इच्छा काहीशी घटली. मात्र आपण या कामास योग्य आहोत की नाही, याविषयी विद्यार्थ्यांना अधिक स्पष्ट जाणीव झाल्याचे त्यांनी मांडले.

नेदरलँड्समध्येच प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रीय प्रयोगात व्यवसायविषयक ज्ञानात फरक पडला नाही, परंतु चिकाटी, जोखीम पत्करणे, आत्मविश्वास यांसारख्या गुणांवर अनुकूल परिणाम दिसून आला. याउलट स्वीडनमधील एलर्ट, अँडरसन आणि वेनबर्ग यांनी २०१५ मध्ये हायस्कूलमधील विद्यार्थी-कंपनीत सहभागी झालेल्यांचा दीर्घकालीन मागोवा घेतला. त्यांच्यात पुढे स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचे प्रमाण आणि त्यातून मिळणारे उत्पन्न अधिक आढळले. व्यवसाय टिकून राहण्याच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही.

हे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी वाटतात. पण त्यांचा मेळ घालता येतो. कार्यक्रमापूर्वी विद्यार्थ्याची उद्योजकतेविषयीची कल्पना बहुधा यशोगाथांवर पोसलेली असते. प्रत्यक्ष विक्रीचा अनुभव ती जमिनीवर आणतो. काहीजण विचारपूर्वक मागे फिरतात, तर काहींना हेच आपले क्षेत्र असल्याची खात्री पटते. मागे फिरणाऱ्यांना अपयशी म्हणता येणार नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी दोन-तीन हजार रुपयांत उमगलेली गोष्ट तिसाव्या वर्षी घर गहाण टाकून उमगण्यापेक्षा निश्चितच स्वस्त आहे. अडचण एवढीच की, माहितीपत्रक भावी उद्योजक घडवण्याची भाषा करते, तर संशोधन आत्मपरीक्षणाकडे अधिक निर्देश करते. पालकांनी कर्ज काढावयाचे ते यांपैकी कशासाठी, हे त्यांना आधी सांगितले गेले पाहिजे.

६. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने व्यावहारिक प्रश्न

पहिला प्रश्न आयोजकाचा. विद्यापीठाचा कार्यक्रम आणि विद्यापीठाच्या परिसरात भरणारा कार्यक्रम यांत फरक आहे. परदेशातील विद्यापीठे सुट्टीत आपली वसतिगृहे व सभागृहे बाहेरच्या संस्थांना भाड्याने देतात. त्यात गैर काही नाही, आणि बाहेरची संस्था उत्तम शिकवत असू शकते. मात्र प्रमाणपत्रावर कोणाची स्वाक्षरी असेल, शुल्क कोणाच्या खात्यात जमा होईल आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या कार्यक्रमाची नोंद आहे काय, हे तीन प्रश्न विचारले तर बरीचशी संदिग्धता दूर होते. त्या परिसरात राहून आल्यामुळे पुढे तेथे पदवीसाठी प्रवेश मिळेल, असेही गृहीत धरता येत नाही.

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा. अमेरिकेतील कार्यक्रम प्रामुख्याने जून-जुलैमध्ये भरतात. आपली सुट्टी तोवर संपत आलेली असते. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी तर हाच अकरावी प्रवेशाचा काळ असतो. २०२५ पासून राज्यभर लागू झालेल्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत ठरावीक मुदतीत पसंतिक्रम भरणे व प्रवेश निश्चित करणे बंधनकारक असल्याने परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची अडचण होऊ शकते. बारावीच्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे अध्यापन बुडते.

तिसरा प्रश्न व्हिसाचा. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर केवळ अल्पकाळाचे, हौशी स्वरूपाचे आणि श्रेयांक नसलेले शिक्षण घेता येते. आठवड्याला १८ तास किंवा अधिक अभ्यास असेल तर विद्यार्थी व्हिसा आवश्यक ठरतो. पर्यटक व्हिसावर तेथे नोकरी करता येत नाही. त्यामुळे खरी कंपनी काढण्याचे आश्वासन परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके कोठपर्यंत खरे आहे, हे आयोजकांकडून लेखी घेणे इष्ट.

चौथा प्रश्न कायदेशीर पात्रतेचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही आणि मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या निवाड्याने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. अमेरिकेतील राज्यांत असा करार सामान्यतः अज्ञान व्यक्तीच्या इच्छेनुसार रद्द होण्याजोगा मानला जातो. म्हणजे तेथे काढलेली कंपनी घेऊन परतलेला सतरा वर्षांचा विद्यार्थी येथे स्वतःच्या नावाने व्यवहार चालू ठेवू शकेलच असे नाही. पालकाच्या नावाने व्यवहार करावा लागतो, आणि त्यातील जबाबदारी पालकाला समजावून सांगणे आवश्यक आहे.

७. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील शक्यता

या अध्यापनपद्धतीतील कोणती गोष्ट आपल्याकडे होऊ शकत नाही? परदेशी सहाध्यायी, वेगळ्या समाजाचे दर्शन आणि इंग्रजीतून बोलण्याची सवय हे लाभ प्रवासाशिवाय मिळणे कठीण आहे. ते मोलाचे आहेत आणि ज्यांना परवडते त्यांनी त्यासाठी अवश्य जावे. परंतु ग्राहकाची मुलाखत, छोटी विक्री आणि प्रामाणिक हिशेब यांसाठी गावचा आठवडी बाजार पुरेसा आहे. बारावीच्या 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या विषयात उद्योजकता विकासाचे प्रकरण आहेच. ते परीक्षेपुरते न शिकवता अकरावीनंतरच्या सुट्टीशी जोडता येईल. दिल्ली शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'बिझनेस ब्लास्टर्स' उपक्रमात सरकारी शाळांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्यात आले होते. आपल्या राज्यात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षणाचे कार्य करीत आहे. माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून पाच-सहा गटांना असे छोटे भांडवल देणे बहुतेक महाविद्यालयांना अशक्य नाही.

आरंभी उल्लेखिलेली विद्यार्थिनी अखेर परदेशी गेली नाही. घरच्यांशी तीन-चार वेळा बोलणे झाल्यावर कर्ज न काढण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. तिला वाईट वाटले, हे नमूद केले पाहिजे. त्या सुट्टीत तिने वडिलांच्या गिरणीत थालिपिठाची भाजणी दळून अर्ध्या किलोची पाकिटे बँकेतील व महाविद्यालयातील कर्मचाऱ्यांना विकली. पहिल्या खेपेला नफा झाला असे तिला वाटले. वही तपासताना लक्षात आले की, तिने धान्याचा आणि पिशव्यांचा खर्च धरला होता, पण गिरणीची वीज धरली नव्हती आणि स्वतःची मजुरीही नव्हती. दुसऱ्या खेपेला तिने किंमत वाढवली. काही ग्राहक तुटले, पण बरेचसे टिकले. अन्नसुरक्षा नोंदणी वडिलांच्या नावाने करावी लागली, कारण ती अठरा वर्षांची नव्हती. पुढे तिने व्यवसाय न करता हिशेबशास्त्राचा मार्ग निवडला. उपरोक्त संशोधनाच्या प्रकाशात पाहता हा निर्णयही त्या सुट्टीच्या शिक्षणाचेच फलित मानावा लागेल.

एका उदाहरणावरून सामान्य निष्कर्ष काढता येत नाही, याची जाणीव आहे. शिवाय परदेशी गेली असती तर तिला काय गवसले असते, हा प्रश्न उरतोच. संपन्न घरातील मुलांनी जग पाहावे आणि गिरणीवाल्याच्या मुलीने बाजार पाहावा, अशी वाटणी कोणाही शिक्षकाला मान्य होणार नाही. म्हणूनच पूर्ण शिष्यवृत्तीच्या संधी शोधून गरजू विद्यार्थ्यांना वेळेवर अर्ज करावयास लावणे, हेही आपल्या कामाचा भाग ठरते.

८. समारोप

परदेशातील उन्हाळी उद्योजकता कार्यक्रम सरसकट नाकारण्याजोगे नाहीत, तसेच सरसकट गौरवण्याजोगेही नाहीत. त्यांची अध्यापनपद्धती अनुकरणीय आहे, परंतु त्यांचे मूल्य परिसराच्या नावात नसून विद्यार्थ्याने अनोळखी ग्राहकापुढे उभे राहण्यात आहे. तेव्हा सल्ला विचारणाऱ्या पालकाला शिक्षकाने तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात : कार्यक्रम कोणाचा आहे, त्यात आपला मुलगा अथवा मुलगी प्रत्यक्ष कोणाला काय विकणार आहे, आणि या खर्चातून प्रवासाचा अनुभव हवा आहे की व्यवसायाचा. पहिल्यासाठी परदेशी जावेच लागते. दुसऱ्याची सोय आपल्या महाविद्यालयाने येत्या सुट्टीपासून करावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.